पानांचा रमाकांत

गच्चीला कुलूप लागलं त्या आठवड्यापासून रुपालीच्या मिरच्या गॅलरीत आल्या.

बिल्डरची माणसं येऊन स्लॅब ठोकून बघून गेली, धोकादायक म्हणाली, आणि दुसऱ्या सकाळी गच्चीच्या दाराला साखळी होती. रुपाली मिठबावकरचा वर्षाचा हंगाम म्हणजे हाच मे महिना. लालबाग, परळ, भोईवाड्यातल्या घरांचा मालवणी मसाला ती करून द्यायची. मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, धणे-खसखस-दगडफूल भाजायचं, सगळं डब्यांत भरून गल्लीतल्या डंखावर कुटून आणायचं. यंदा गच्ची नाही, आणि वर मळभ. ऊन गॅलरीच्या कठड्याला शिवून निघून जायचं. मिरची कडक झाली नाही तर डंखवाला हातात घेऊन मोडून बघायचा आणि म्हणायचा, "ताई, परत न्या. चिकटते ही. माझं मशीन धरून बसेल."

शेजारच्या मनूने तिसऱ्या दिवशी भांडण काढलं.

"रुपाली, जायला-यायला जागा ठेव की. माझ्या नातवाला दमा आहे."

"चार दिवस गं मनूताई."

"चार दिवस, चार दिवस करत पाऊस येईल तुझा."

रुपालीने चादर भिंतीकडे ओढली. काही मिरच्या मनूच्या दारात राहिल्या त्या मनूने पायाने सरकवल्या. रुपालीने त्या वाकून वेचल्या. मनूचा चार किलोचा मसाला तिच्याकडेच होता.

आत उंबऱ्याशी नलू देठं खुडत बसली होती. ती रुपालीच्या सासऱ्यांची वहिनी. घरात सगळे तिला मोठीआई म्हणत. पंच्याण्णवीला टेकलेली, पाठीतून पार वाकलेली, पण बोटं अजून चालायची. देठ मोडायचा, मिरची डावीकडे, देठ उजवीकडे. संध्याकाळपर्यंत बोटांची आग व्हायची. मग ती हात खोबरेल तेलात बुडवून बसायची. गळ्यात काळी पोत आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

त्या कुंकवाचं चाळीत कुणालाच नीट काय करावं ते कळत नसे. नलूचा नवरा रमाकांत दुसऱ्या महायुद्धात विमानावर होता. ब्रह्मदेशाकडे गेला तो आला नाही. सरकारी तार आली होती ती 'बेपत्ता' एवढीच. मयत कुणी पाहिलं नाही, म्हणून कुंकू राहिलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका ओळीने पुढे सरकत यायच्या आणि नलूपाशी आल्या की हातातला करंडा किंचित अडखळायचा. एखादी लावायची, एखादी नुसतं तिळगूळ देऊन पुढे जायची. नंतर नंतर नलू अशा वेळी मोरीत भांडी घासायला बसायची. म्हणजे कुणाला अवघड जायला नको.

भिंतीशी लोखंडी खाटेवर रुपालीचे सासरे बसलेले असायचे. कमलाकांत, रमाकांतचा धाकटा भाऊ. पालिकेच्या शाळेत मास्तर होते. आता नव्वदीचे. पेपर डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचायचे. नलू त्यांना पेज द्यायची, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. रुपाली या घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून ते तसंच चाललेलं.

अनुजा, रुपालीची मुलगी, शुक्रवारी ऑफिसातून आली ती चप्पल काढता काढताच म्हणाली, "मोठीआई, रविवारी एक मॅडम येतायत. प्रभादेवीच्या. त्यांचे आजोबा तुझ्या मिस्टरांच्या स्क्वॉड्रनमध्ये होते. विमानं दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे फोटो आहे."

"कोणाचो फोटो?"

"रमाकांत आजोबांचा."

नलूची बोटं थांबली नाहीत. पेपरमागून कमलाकांत म्हणाले, "कशाला उगाच? घरात हा पसारा. मिरचीचा ठसका. बाहेरच्या माणसाला बोलवायची ही वेळ आहे का?"

"आजोबा, त्या स्वतः येतो म्हणाल्या. दादरला कार्यक्रम करतायत, बर्मात गेलेल्या आपल्याकडच्या मुलांच्या आठवणीचा. मोठीआईला बोलवायचंय."

"गेला तो गेला," कमलाकांत म्हणाले. पेपर त्यांनी उलटा केला नि पुन्हा सुलटा केला.

रविवारी मृणालिनीबाई आल्या तेव्हा रुपाली धणे भाजत होती. बाईंना दारातच ठसका लागला. पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. डोळे पुसत हसल्या. "असू द्या, असू द्या. आमच्याकडे विकतचा असतो, म्हणून सवय नाही." अनुजाने त्यांना खुर्ची दिली. रुपालीने गॅस बारीक केला पण कढईजवळून उठली नाही. धणे मध्येच सोडता येत नाहीत.

बाईंनी पिशवीतून फोटो काढून नलूच्या मांडीवर ठेवला. मोठा करून आणलेला. विमानाच्या पंखाखाली दोन मुलं उभी. दोघांच्या बाह्या कोपरापर्यंत, एकाच्या गळ्यात कानाला लावायच्या यंत्राची वायर लोंबत होती. उन्हाने दोघांचे डोळे बारीक झालेले.

नलूने हात पदराला पुसून फोटो उचलला. बराच वेळ बघितला.

"ह्यातलो कोणतो?" तिने विचारलं.

मृणालिनीबाई गोंधळल्या. मग त्यांनी वायरवाल्यावर बोट ठेवलं. "हे. ते दुसरे पुढचे वैमानिक, आणि हे तुमचे. मागे बसायचे. वायरलेस आणि मागची बंदूक यांच्याकडे. बॉम्ब टाकायला विमान खाली झेपावलं की यांची पाठ जमिनीकडे आणि तोंड आभाळाकडे. आजोबा म्हणायचे, मागच्या माणसाला आपण कुठे चाललोय ते दिसतच नाही. कुठून आलो तेवढंच दिसतं."

नलूने मान हलवली. लग्न झालं तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची होती. मिठबावला मांडव पडला, नवरा रजेवर आला होता. रजा संपली तसा गेला. सासू रमाबाई नव्या सुनेला घेऊन लालबागला आली. नवऱ्याशी नलू किती बोलली असेल ते तिला दोन हातांच्या बोटांवर मोजता आलं असतं. त्याचा चेहरा पहिल्या काही वर्षांतच पुसत गेला. मग ती कमलाकांतच्या चेहऱ्यावरून त्याचा चेहरा बनवायची. आता समोर होता तो तसा नव्हता. याचं नाक बसकं होतं.

"बारीक हा," ती म्हणाली.

कमलाकांत खाटेवर सावरून बसले. परक्या माणसासमोर त्यांचा मास्तरांचा आवाज परत यायचा.

"मॅडम, तुम्ही कार्यक्रम करताय ते चांगलंच आहे. पण दादासाठी टाळ्या वाजवाल तेव्हा या माउलीसाठीही वाजवा. ऐंशी वर्षं झाली. तार आली, बेपत्ता. बस. त्यानंतर एक अक्षर नाही, एक माणूस नाही. आमची आई वाट बघत गेली. आणि ही वहिनी… हिने कुंकू पुसलं नाही. दुसरं घर केलं नाही. अशी निष्ठा आता बघायला मिळणार नाही."

मृणालिनीबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्या खोडून काढायला बोलल्या नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"एक माणूस नाही, असं कसं? माझे आजोबा आले होते ना तुमच्याकडे. लढाई संपली त्या वर्षी. याच चाळीत."

"कोण? नाही. दुसरीकडे गेले असतील."

"नाही हो. मिठबावकर, लालबाग. आम्हाला शंभरदा सांगितलंय त्यांनी. बाजूच्या विमानातल्यांनी बघितलं होतं. यांचं विमान वर आलंच नाही, डोंगराला लागलं आणि पेटलं. दोघांपैकी कोणी उतरलं नाही. कागदावर कितीही 'बेपत्ता' लिहिलं तरी आईला खरं कळायला हवं, म्हणून आजोबा मुद्दाम आले. आईंनी कोकमाचं सरबत दिलं. रडल्या नाहीत. घरात एक मुलगा होता, दहाएक वर्षांचा. तो आजोबांना ट्रामपर्यंत सोडायला आला. ट्राम आली तेव्हा त्याने विचारलं, विमान पेटल्यावर आतल्या माणसाला ओरडता येतं का? आजोबा म्हणायचे, त्या पोराला काय उत्तर द्यायचं ते मला आयुष्यभर सुचलं नाही."

मृणालिनीबाईंनी एकेकाकडे बघितलं. मग त्यांची नजर कमलाकांतवर थांबली आणि त्यांचा हात तोंडाशी गेला.

कढईतले धणे काळे पडले. रुपालीला वास आला तेव्हा उशीर झाला होता. तिने कढई तशीच मोरीत नेऊन ओतली.

"मी कामार असतलंय तेव्हा," नलू म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे. "दुसरी पाळी होती माझी त्या वर्सा."

मृणालिनीबाई जाताना तिच्या पाया पडल्या. फोटो ठेवून गेल्या. कार्यक्रमाचं पुन्हा काही बोलल्या नाहीत.

त्या जिना उतरल्या तरी कमलाकांत खाली बघत होते.

"कमळ्या," नलू म्हणाली, "तू घरात होतंस?"

"मी धा वर्सांचो होतंय, वयनी."

"मगे वीस वर्सांचो झालंस. मास्तर झालंस. तुझा लगीन झाला तेव्हा माका सवाष्ण म्हणून उभी केलंस. ह्या कपाळाक कुंकू लावून तुझ्या बायलेची ओटी भरलंय मी. तुका म्हायत होता."

"आयेन शपथ घातलेली. तिच्या गळ्याची."

"आय मेली त्याका पन्नास वर्सा झाली."

रुपाली मोरीच्या उंबऱ्यावर उभी होती. अनुजा रडायला लागली होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

"बाबुराव दोन वर्सा थांबलो," नलू म्हणाली.

हे नाव या घरात कधी निघालं नव्हतं. नलू कामाला होती त्याच मिलमध्ये बाबुराव सांचेवाला होता, माग चालवायचा. बायको बाळंतपणात गेलेली. त्याने गाववाल्यांच्या तोंडून नलूशी पाट लावण्याचं, दुसऱ्या लग्नाचं, विचारलं होतं. गाववाले रमाबाईकडे आले. म्हणाले, मयत मिळालं नाही तरी शास्त्रात वाट आहे. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ, त्याला अग्नी द्यायचा, सुतक धरायचं, मग पोरगी मोकळी. रमाबाई दारात आडवी उभी राहिली होती. "माज्या जित्या झिलाक जाळतास? तुमच्या तोंडात माती पडो." नलू तेव्हा आत तांदूळ निवडत होती. अठरा-एकोणीस वर्षांची. सासूची माया बघून तिलाच स्वतःची लाज वाटली होती. बाबुराव थांबला, मग कणकवलीची एक मुलगी करून आणली. मिलच्या फाटकाशी दिसला तर मान खाली घालायचा.

"म्हातारीक म्हायत होता," नलू म्हणाली. "त्या दिवशी दारात उभी रवली तेव्हा तिका म्हायत होता, झिल जळलो म्हणून."

कमलाकांतनी वर बघितलं. त्यांच्या नाकातून पाणी येत होतं.

"तू गेलं असतंस तर आमी काय खाल्ला असता? बापूस नाय. दादा नाय. आयेच्यान काम होय नाय. तुझ्याच पगारार घर होता. माझी शाळा होती."

नलूने मांडीवरचा फोटो खाली ठेवला.

"ह्या खरा," ती म्हणाली. "ह्या पयला सांगूचा होता. त्या मॅडमीक निष्ठा कित्याक सांगलंस?"

त्या दुपारी कमलाकांतना पेज रुपालीने दिली. लोणचं द्यायचं तिला आठवलं नाही, आणि त्यांनी मागितलं नाही.

दोन दिवस नलू देठं खुडत राहिली. तिसऱ्या सकाळी रघु ड्यूटीवरून आला. रघु म्हणजे कमलाकांतचा मुलगा, रुपालीचा नवरा. मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या फाटकावर तो रात्रपाळीचा वॉचमन होता. तो शर्ट काढत होता तेव्हा नलूने त्याला सांगितलं.

"रघू, पुतळो करूचो हा. भटाक विचार."

"कसला पुतळा?"

"तुझ्या मोठ्या बापाशीचो. पळसाच्या पानांचो."

रघुने बायकोकडे बघितलं. "मोठीआई, आता? लोक हसतील. ऐंशी वर्षांनी कोण करतं?"

"ज्येका ऐंशी वर्सांनी कळला ता."

"करूया ना. नाही कोण म्हणतंय," रुपाली म्हणाली. ती जमिनीवर बसली, नलूच्या समोर. "पण तीन दिवस सुतक लागेल. सुतकातल्या घरचा मसाला कोण नेणार? मिरची आत्ता कुठे वाळत आलीये. एवढी ऑर्डर उतरू दे. पावसाच्या तोंडावर करू. आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न. तेवढं थांबा, मोठीआई."

ती वाईट बाई नव्हती. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. वर्षभराचा खर्च त्या चादरींवर पसरलेला होता. पण 'थांबा' हा शब्द तोंडातून गेला आणि तिचं तिलाच कळलं.

"मी थांबलंय," नलू म्हणाली. "आता मिरची थांबांदे."

भोईवाड्याच्या देवळाजवळचे भटजी तयार झाले. तरुण होते, हा विधी त्यांनी पोथीत वाचला होता, कधी केला नव्हता. दादरच्या फुलबाजारात पळसाची पानं मिळेनात. शेवटी पत्रावळीवाल्याकडून मिळाली, सुकी, शिवलेली. घरात पत्रावळीचे टाके उसवून पानं सुटी करायचं काम नलूनेच केलं.

टॅक्सीत पुढे रघु पुतळा मांडीवर घेऊन बसला होता. पानांचे हातपाय दर्भाने बांधलेले, वर नारळ, सगळं पांढऱ्या कापडात. मागे नलू, रुपाली आणि मध्ये कमलाकांत. अग्नी सख्ख्या भावानेच द्यायचा होता. कमलाकांत नको म्हणाले नव्हते. रघुने त्यांना जिन्यावरून पाठकुळी आणलं होतं.

स्मशानातल्या कारकुनाने दाखला मागितला.

"दाखला नाही. मयत नाही हे," भटजी म्हणाले. "पर्णपुतळा आहे. पानं आहेत."

"पानं? मग इथे कचरा जाळायला परवानगी नाही."

रघु हात जोडून बोलायला लागला. वॉचमनच्या नोकरीत त्याला ते जमायला लागलं होतं. मागे रांगेत एक खरंखुरं मयत येऊन थांबलं होतं, त्याची माणसं वैतागली होती. शेवटी लाकडं रचणाऱ्या माणसाने कारकुनाला बाजूला नेऊन काही सांगितलं आणि मागच्या भिंतीशी, पाण्याच्या टाकीमागे, एक लोखंडी तसराळं दाखवलं. "इथे करा. लवकर आटपा."

भटजींनी पुतळा तसराळ्यात ठेवला. संकल्प सांगताना थांबले. "मृत्यूची तिथी? माहीत नसेल तर अमावास्या धरतो."

"शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी," कमलाकांत म्हणाले.

खुर्ची नव्हती म्हणून त्यांना एका ओंडक्यावर बसवलं होतं. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"माघ वद्य चतुर्दशी. शिवरात्र त्रयोदशीच्या रात्री धरली होती, सकाळी चतुर्दशीच होती," ते म्हणाले. "त्या माणसाने तारीख सांगितली होती. मी मागाहून पंचांगात काढली."

नलूच्या लक्षात यायला वेळ लागला. आई गेल्यापासून कमलाकांत शिवरात्रीच्या दुसऱ्या सकाळी उपवास सोडायला म्हणून दादरच्या चौपाटीवर जायचा. गुडघे गेले तोवर गेला. डबा न्यायचा. भात, वडे, थोडी खीर. कावळ्यांना घालतो, पुण्य असतं, म्हणायचा.

"तो डबो मी भरून दी होतंय," ती म्हणाली.

कमलाकांत नखाने ओंडक्याची साल खरवडू लागले.

"त्येचा सराध करी होतंस तू. दर वर्सा. माझ्या हातच्या भाताचा." तिचा आवाज चढला नाही. लाकडं रचणारा माणूस मात्र काम सोडून बघायला लागला. "तुझ्यासाठी तो मेलेलो होतो. माझ्यासाठी तेवढो जितो ठेवलंस."

"आजोबा," रघु म्हणाला, कारण तो अनुजाच्या सवयीने बापाला तसंच म्हणायचा, "हात पुढे करा."

कमलाकांतच्या हातात पेटतं कोलीत दिलं. हात इतका हलत होता की ते पानांना लागेना. रघुने मनगट धरलं. पानं सुकी होती. भसकन पेटली. माणूस जळायला लागतो त्याच्या शंभराव्या हिश्श्यात सगळं संपलं. नारळ तेवढा तडकायला थांबला, मग तोही फुटला. भटजींनी घड्याळात बघितलं नाही, पण त्यांना पुढे जायचं होतं ते कळत होतं.

रुपालीने पदराचं टोक ओलं केलं आणि ती नलूपुढे उभी राहिली. तिचा हात वर जाईना. नलूने ते टोक तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः कपाळ पुसलं. कुंकवाखालची कातडी गोल, पांढुरकी, बाळाच्या कातडीसारखी निघाली. पोत तिने डोक्यावरून काढून तसराळ्यात टाकली. दोरा जळाला, मणी राखेत राहिले.

सुतकाचे तीन दिवस घरात चूल पेटली नाही. जेवण मनूकडून आलं. चाळीतल्या बायका भेटायला आल्या, एकेक करून. नलूच्या शेजारी बसल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला, मोठ्याने उसासे टाकले. त्यांच्या चेहऱ्यावर एक सुटल्यासारखा भाव होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना नलूशी कसं वागायचं ते कळलं होतं. पण जाताना दोघीतिघी रुपालीला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाल्या, "आमचा मसाला यंदा राहू दे हं. पुढच्या वर्षी बघू." मनूही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वळवाची सर आली. रुपाली आणि अनुजाने चादरी आत ओढल्या, तरी कठड्याकडची रास भिजली. ओल्या मिरचीचा आंबट वास घरभर पसरला. रुपाली भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होती. नलूला ते ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी खाली नलू आणि कमलाकांत दोघंच होती. रघु झोपायला माळ्यावर, रुपाली नव्या मिरचीची उधारी मिळते का बघायला गल्लीत. फोटो कपाटाला टेकून उभा होता. त्याला हार घालायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"वयनी, आता तरी बोल," कमलाकांत खाटेवरून म्हणाले.

नलूने विचारलं, "तो कसो होतो?"

"कोण? दादा?"

"तुझो भाव. तू त्येच्यावांगडा र्‍हवलंस. मी नाय र्‍हवलंय. कसो होतो, सांग."

कमलाकांतनी फोटोकडे बघितलं. डोळे बारीक केले.

"शीळ घाली होतो," ते म्हणाले. "जिन्यारसून वर येताना शीळ ऐकाक येय. आय वराडी, घरात शीळ घालू नको म्हणून."

"कसली शीळ? खयचा गाणा?"

"आठवत नाय."

"आणि?"

"माका एकदा खांद्यार बसवून नाक्यार नेल्यान. दसऱ्याक." मग थांबले. "नाय. तो बापूस होतो वाटता."

"आणि?"

"भजी आवडत." हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की ते त्यांचं त्यांनाच खरं वाटत नव्हतं.

नलू वाट बघत होती.

"म्हणजे तुकाय म्हायत नाय," ती म्हणाली.

"नाय."

तिने हात लांब करून फोटो जवळ ओढला. मुलगा उन्हात डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होता. मिशी धड फुटलेली नव्हती. अनुजापेक्षा लहान होता. एवढ्या लहान पोराला कोणी विमानात उलटा बसवून नेलं आणि तो गेला. त्याच्यावर तिला राग धरता येईना. ज्यांच्यावर धरायचा त्यातली एक मरून पन्नास वर्षं झाली होती, आणि दुसरा समोर बसून नाक पुसत होता.

"पोरगो हा अगदी," ती म्हणाली. "तेका तरी खय कोणी विचारल्यानी असतला?"

कमलाकांतनी ओठांचा चंबू केला. त्यांना बहुतेक ती चाल आठवायची होती. दात नसलेल्या तोंडातून नुसती हवा गेली. त्यांनी ओठ जिभेने ओले केले आणि पुन्हा करून बघितलं.

"र्‍हवांदे," नलू म्हणाली.